तोफा नव्या, इंजिन जुनं

फर्स्ट इयरला हॉस्टेलवर आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात रूममेटने विचारलं, "तू देवळालीची ना? मग तुमच्याकडे तोफाच तोफा असतील!" म्हटलं, बाई गं, ती नाशिकची देवळाली. तोफखान्याचं स्कूल तिकडे. आमची ती देवळाली प्रवरा, तालुका राहुरी, जिल्हा तेव्हा अहमदनगर आणि आता अहिल्यानगर. आमच्याकडे तोफा नाहीत, ऊस आहे. तीन वर्षं झाली तरी हा खुलासा मी अजून करतेच आहे. म्हणून ठरवलं, यंदाच्या अंकात तोफांवरच लिहून टाकू!

मित्रमैत्रिणींनो, आधीच सांगते, शाळा कॉन्व्हेंटची. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर पोटात घाला. आणि तोफांकडे जाण्याआधी दोन मिनिटं आमच्या विहिरीवर चला.

आमच्या मळ्यात एक जुनं डिझेल इंजिन होतं. आजोबांच्या वेळचं. पाणी कमी पडायला लागलं तेव्हा दादाने त्याला मोठा पंप जोडला. इंजिन दमदार होतं, पंप कोराकरकरीत होता, आठ दिवस पाणी असं पडलं की शेजारचे बघायला आले. नवव्या दिवशी पट्टा निसटला आणि दादाच्या उजव्या हातावर बसला. नंतर पाहिलं तर इंजिनाखालचा काँक्रीटचा पाया चिरला होता. जास्तीच्या लोडने सगळं हादरत होतं, अलाइनमेंट रोज थोडी थोडी सरकत होती. पंपाकडे सगळ्यांनी पाहिलं, पायाकडे कुणी पाहिलं नाही. दादाच्या दोन बोटांना आजही पूर्ण वाक येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, याचा युद्धनौकांशी काय संबंध? सांगते.

मुंबईच्या दोन क्रूझर

स्वातंत्र्यानंतर आपल्या नौदलाकडे दोन मोठ्या क्रूझर आल्या, दोन्ही ब्रिटिशांच्या वापरलेल्या. पहिली 'दिल्ली'. ही मूळची 'अकिलीस'. १३ डिसेंबर १९३९ ला रिव्हर प्लेटच्या लढाईत ती जर्मन 'ग्राफ श्पे'शी लढली होती. १९४८ साली आपण ती घेतली आणि त्याच सप्टेंबरात ती मुंबईत पोचली. दुसरी 'मैसूर'. ही मूळची 'नायजेरिया'. ऑगस्ट १९५७ मध्ये ती आपल्या नौदलात दाखल झाली. डिसेंबर १९६१ च्या गोवा मुक्तीच्या कारवाईत 'मैसूर' अंजदीव बेटापाशी होती आणि 'दिल्ली' दीवसमोर. १९७१ च्या युद्धात 'मैसूर' पश्चिम ताफ्याची फ्लॅगशिप होती. 'दिल्ली' १९७८ साली निवृत्त झाली, 'मैसूर' १९८५ साली.

या दोघींचे फोटो नीट पाहिले तर एक गंमत दिसते. 'दिल्ली'वर मुळात ६ इंची ८ तोफा होत्या, चार टरेटमध्ये दोन दोन. आपल्याकडे आली तेव्हा ६ च होत्या. 'मैसूर'वर मुळात १२ होत्या, आपल्याकडे आल्या ९. म्हणजे दोघींनी एकेक अख्खं टरेट गमावलं होतं. 'दिल्ली'चं आधी लढाईत बॉम्बने मोडलं होतं, पण दोन्ही शेवटी गोदीतच उतरवली गेली!

का? कारण वरून विमानं येत होती. 'अकिलीस' १९४३-४४ मध्ये पोर्ट्समथच्या गोदीत होती तेव्हा तिचं मागच्या बाजूचं ते मोडलेलं टरेट उतरवून विमानविरोधी लहान तोफा वाढवण्यात आल्या. हे काम चालू असतानाच जून १९४३ मध्ये जहाजात स्फोट होऊन गोदीतले १४ कामगार गेले. युद्धनौकेच्या इतिहासात लढाया असतात, गोदीतली ही माणसं बहुतेक वेळा नसतात.

पण या दोघींनी एकेकच टरेट दिलं. त्यांच्या आधीच्या पिढीतल्या काही क्रूझरनी आपल्या सगळ्याच्या सगळ्या मोठ्या तोफा देऊन टाकल्या आणि पूर्णपणे नवं काम पत्करलं. खरी गोष्ट त्यांची आहे.

म्हाताऱ्या क्रूझरचं काय करायचं?

पहिल्या महायुद्धात ब्रिटनने 'सी' वर्गाच्या हलक्या क्रूझर बांधल्या. त्यांची नावं 'सी' अक्षराने सुरू होणारी म्हणून हा वर्ग. 'कॉव्हेंट्री', 'कर्ल्यू', 'कैरो', 'कलकत्ता', 'कार्लाइल', 'क्युरासो' वगैरे. होय, एकीचं नाव खरंच 'कलकत्ता' होतं. वजन ४,२०० टनांच्या आसपास, वेग २९ नॉट, म्हणजे ताशी साधारण ५४ किलोमीटर, आणि ६ इंची ५ तोफा. त्या काळात उत्तम जहाजं.

१९३५ पर्यंत मात्र त्यांची अवस्था व्हीआरएसला आलेल्या माणसासारखी झाली होती. नव्या क्रूझर दुप्पट मोठ्या, त्यांच्याशी या टक्कर देऊ शकत नव्हत्या. पण हल पक्का होता, बॉयलर आणि टर्बाइन चालू होते. दुसरीकडे विमानं झपाट्याने सुधारत होती. व्यापारी जहाजांचा ताफा समुद्रातून आठ-दहा नॉटने रांगत चाललाय आणि वरून बॉम्बर आले तर त्यांना अडवणार कोण? मोठ्या युद्धनौका सगळीकडे पुरणार नाहीत. विमानवाहू जहाजं तर मोजकीच.

खास विमानविरोधी अशा 'डिडो' वर्गाच्या नव्या क्रूझर पुढे बांधल्या गेल्या, पण त्यातली पहिली सेवेत यायला १९४० उजाडलं. नवीन क्रूझर बांधायला दोन-तीन वर्षं लागतात. जुनी बदलायला त्याहून बराच कमी वेळ आणि कमी पैसा. मग १९३५-३६ मध्ये 'कॉव्हेंट्री' आणि 'कर्ल्यू' गोदीत घेतल्या, सगळ्या ६ इंची तोफा काढल्या, टॉर्पेडोच्या नळ्या काढल्या आणि त्याजागी ४ इंची १० विमानविरोधी तोफा आणि आठ-आठ नळ्यांच्या दोन 'पॉम-पॉम' बसवल्या. प्रयोग जमला. पुढे 'कैरो', 'कलकत्ता', 'कार्लाइल', 'क्युरासो' आणि युद्ध ऐन भरात असताना 'कोलंबो' आणि 'कॅलेडन', अशा एकूण आठ जहाजांचा कायापालट झाला. 'कैरो', 'कलकत्ता' आणि 'कार्लाइल'वर तर नव्या जोडतोफा आल्या, एका माउंटिंगवर दोन नळ्या, अशी चार माउंटिंग.

मोठी तोफ काढून छोटी का?

हा प्रश्न मलाही पडला होता. ६ इंची मोठी, मग ४ इंची चांगली कशी?

पहिलं कारण कोन. त्या जहाजांवरची ६ इंची तोफ ३० अंशांपर्यंतच वर होत होती. ती दुसऱ्या जहाजावर मारा करण्यासाठी होती, डोक्यावरच्या विमानासाठी नाही. नवी ४ इंची जोडतोफ ८० अंशांपर्यंत वर होते, जवळजवळ सरळ आकाशात.

दुसरं कारण वेग. ६ इंची गोळा ४५ किलोचा. तो माणसांनी उचलून भरायचा, दारूची पिशवी वेगळी भरायची. एका मिनिटात पाच-सात फैरी झाल्या तर डोक्यावरून पाणी. ४ इंची गोळा साधारण १६ किलोचा, काडतुसासकट एकाच तुकड्यात. मिनिटाला पंधरा-वीस सहज. विमान तुमच्या माऱ्याच्या टप्प्यात मिनिटभर असतं की नाही, हीच शंका. तिथे गोळ्याचा आकार कामाचा नाही, किती गोळे आकाशात जातात ते कामाचं.

तिसरं कारण सगळ्यात अवघड, ते म्हणजे गणित. समजा विमान ताशी ४०० किलोमीटरने चाललंय, म्हणजे सेकंदाला ११० मीटर. गोळ्याला तिथे पोचायला १० सेकंद लागतात. तेवढ्यात विमान किलोमीटरभर पुढे गेलेलं! म्हणजे विमान आहे तिथे नेम धरून उपयोग शून्य, ते जिथे असेल तिथे धरायचा. शिवाय गोळा थेट विमानाला लागणं जवळपास अशक्य, म्हणून त्यात टाइम फ्यूज असतो. अमुक सेकंदांनी फुटायचं असं आधीच लावून ठेवायचं, म्हणजे गोळा विमानाजवळ फुटून तुकडे उडतील. उंची, अंतर, वेग, दिशा, वारा आणि फ्यूजचे सेकंद हे सगळं एक यांत्रिक गणकयंत्र काढून देई. गिअर, कॅम आणि शाफ्टचं कॉम्प्युटर! आपल्या 'थिअरी ऑफ मशीन्स'च्या सरांना दाखवायला हवं.

या ब्रिटिश यंत्राची एक खोट होती. विमान एकाच उंचीवर, एकाच वेगाने, सरळ रेषेत चाललंय असं ते धरून चालायचं. सूर मारणारा डाइव्ह बॉम्बर असं काहीच करत नाही. अमेरिकन यंत्र याबाबतीत बरंच पुढे होतं. म्हणून १९४१ मध्ये ब्रिटिशांनी एक जुनी क्रूझर न्यूयॉर्कला ब्रुकलिनच्या गोदीत पाठवली. तिच्यावर अमेरिकन ५ इंची ५ तोफा आणि त्यांची नेम धरणारी अमेरिकन यंत्रणाच बसवली. त्या क्रूझरचं नाव सांगू? 'दिल्ली'! ही आपली 'दिल्ली' नव्हे, नावाची जुळी बहीण. गंमत म्हणजे १९४८ साली ब्रिटिशांची 'दिल्ली' भंगारात विकली गेली आणि त्याच वर्षी 'अकिलीस' आपली 'दिल्ली' झाली.

आणि हो, विमानविरोधी तोफेचं यश फक्त पाडलेल्या विमानांत मोजायचं नसतं. समोर धुराचे काळे गोळे फुटत असतील तर वैमानिक उंचावरूनच किंवा आधीच बॉम्ब सोडून वळतो. बॉम्ब समुद्रात, जहाज पुढे. शेतात ज्वारी राखायला बसलेला माणूस गोफण फिरवतो. प्रत्येक दगडाला पाखरू मरत नाही, पण कणीस वाचतं.

ऊसाची ट्रॉली आणि मेटासेंटर

आता तुम्ही म्हणाल, एवढं सोपं होतं तर आणखी तोफा का नाही बसवल्या? याचं उत्तर आमच्या भागातल्या कुणालाही ठाऊक आहे. गळीत हंगामात रस्त्याने जाणारी ऊसाची ट्रॉली बघा. खच्चून उंच भरलेली, वळणावर झुलते आणि आपण सायकल बाजूला घेऊन देवाचं नाव घेतो. वजन जास्त असणं एक आणि वजन *वर* असणं दुसरं.

जहाजाचंही तेच. सगळं वजन एका बिंदूत आहे असं धरा, तो बिंदू 'जी'. जहाज थोडं कललं की पाण्याचा वर ढकलणारा जोर बाजूला सरकतो. त्या जोराची उभी रेष जहाजाच्या मधल्या रेषेला जिथे छेदते तो बिंदू 'एम', म्हणजे मेटासेंटर. 'एम' वर आणि 'जी' खाली असेल तर जहाज आपोआप सरळ होतं. 'जी' चढत चढत 'एम'च्या जवळ गेला की जहाज सुस्तपणे डुलतं, आणि ओलांडून गेला की कलंडतं. आठ नळ्यांची एक पॉम-पॉम १६ टनांच्या आसपास. तिला चारी बाजूंचं आकाश दिसायला हवं म्हणून ती उंचावर. नेम धरणारं यंत्र त्याहून उंचावर. रडारचा अँटेना तर डोलकाठीच्या टोकावर. सगळं नवं सामान 'जी'ला वर ओढणारं! म्हणून टॉर्पेडोच्या नळ्या उतरवल्या, म्हणून मोठ्या तोफा उतरवल्या. एक वस्तू चढवायची तर दुसरी उतरवायची, हाच नियम.

इथपर्यंत सगळं हिशेबाने झालं. पण जे बदललंच नाही त्याचं काय?

न बदललेला भाग

'क्युरासो'ची गोष्ट ऐका. २ ऑक्टोबर १९४२. 'क्वीन मेरी' हे ८१,००० टनी प्रवासी जहाज दहा हजारांवर अमेरिकन सैनिक घेऊन अटलांटिक ओलांडून येत होतं. आयर्लंडच्या उत्तरेला विमानांचा धोका, म्हणून 'क्युरासो' छत्री धरायला आली. तोफा उत्तम होत्या. पण 'क्वीन मेरी' २८ नॉटने चाललेली आणि म्हाताऱ्या 'क्युरासो'ला तेव्हा २५-२६ च्या वर जमत नव्हतं. पाणबुड्या चुकवायला 'क्वीन मेरी' नागमोडी चालत होती, 'क्युरासो' सरळ. मोठी जवळ येत गेली, दोघींनाही वाटलं की दुसरी बाजूला होईल. 'क्वीन मेरी'ने तिचे मधोमध दोन तुकडे केले. पाणबुड्यांच्या भीतीने थांबायची परवानगी नव्हती, 'क्वीन मेरी' तशीच पुढे गेली. 'क्युरासो'वरचे तीनशेहून जास्त खलाशी गेले, शंभरएक वाचले. युद्धानंतर कोर्टात दोष वाटून दिला गेला, दोन तृतीयांश नौदलाचा आणि एक तृतीयांश 'क्वीन मेरी'चा. चूक माणसांची होती हे खरंच. पण ज्याचं रक्षण करायचं त्याच्याइतकंही जिला पळता येत नाही, तिला हे काम दिलं होतं हेही खरं.

दुसरी गोष्ट 'कैरो'ची, आणि इथे आपली 'मैसूर' परत येते. ऑगस्ट १९४२. माल्टा बेट उपासमारीच्या तोंडावर होतं. १४ व्यापारी जहाजांचा ताफा भूमध्य समुद्रातून निघाला. शेवटच्या टप्प्यात आपल्या लढाऊ विमानांना रेडिओवरून सूचना द्यायच्या होत्या, शत्रू कुठून येतोय, किती उंचीवर आहे. त्याची सामग्री रक्षक जहाजांपैकी दोघींवर होती, 'नायजेरिया' आणि 'कैरो'. १२ ऑगस्टच्या संध्याकाळी 'अक्सुम' या इटालियन पाणबुडीने चार टॉर्पेडो सोडले. तीन जहाजांना लागले, 'नायजेरिया', 'कैरो' आणि 'ओहायो' नावाचा तेलाचा टँकर. 'नायजेरिया'वरची ५२ माणसं गेली, ती कशीबशी जिब्राल्टरला परतली आणि पुढे आपली 'मैसूर' झाली. 'कैरो'चा मागचा भागच उडाला, शेवटी तिच्याच बाजूच्या लोकांना तिला बुडवावं लागलं. थोड्याच वेळात विमानं चालून आली. माल्टाची लढाऊ विमानं वर होती, पण त्यांच्याशी बोलणारं कुणी उरलं नव्हतं. १४ पैकी ५ व्यापारी जहाजं माल्टाला पोचली. त्यात तो जखमी 'ओहायो'ही होता.

'कैरो'चा हल पहिल्या महायुद्धातला. पाण्याखालच्या स्फोटापुढे त्याचं फारसं काही चालणार नव्हतं. वरती ८० अंशांत बघणाऱ्या तोफा आल्या, पण पाण्याखाली जहाज होतं तिथेच राहिलं. आणि महत्त्वाची सामग्री दोनच जहाजांवर ठेवली, त्या दोन्ही एकाच हल्ल्यात गेल्या. आपण ज्याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणून परीक्षेत पाच मार्कांना लिहितो, ते हेच.

आठ 'सी' क्रूझरपैकी पाच बुडाल्या. 'कर्ल्यू' १९४० मध्ये नॉर्वेच्या किनाऱ्यावर आणि 'कलकत्ता' १ जून १९४१ ला क्रीटहून माघार घेताना. दोन्ही विमानांच्याच बॉम्बने! 'कलकत्ता'वरच्या २५५ जणांना पाण्यातून काढलं ते 'कॉव्हेंट्री'ने, तिच्याच बहिणीने. 'कॉव्हेंट्री' पुढच्या वर्षी गेली. 'कार्लाइल' १९४३ मध्ये इतकी मोडली की दुरुस्त झालीच नाही.

मग हा उपाय चुकला का?

मला तसं वाटत नाही. नव्या जहाजांची वाट बघत बसले असते तर १९४० मध्ये नॉर्वेला आणि १९४१ मध्ये क्रीटला डोक्यावर छत्रीच नसती. 'कोलंबो', 'कॅलेडन' आणि ब्रिटिश 'दिल्ली' शेवटपर्यंत टिकल्या, इटली आणि दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर सैन्य उतरताना कामाला आल्या. भंगारात जाणाऱ्या जहाजांकडून एवढं काम घेतलं, याला अक्कल लागते. चूक बदलण्यात नव्हती. बदललेल्या भागाकडे बघून जहाजच नवं झालं असं समजण्यात धोका होता. नव्या तोफांनी ताफ्याला छत्री दिली. जुनं इंजिन आणि जुना हल मात्र आपलं वय विसरले नाहीत.

आपल्यापैकी निम्मे जण फायनल इयरला 'रेट्रोफिट' म्हणून काहीतरी करणार आहेत. जुन्या लेथला नवा ड्राइव्ह, जुन्या स्कूटरला बॅटरी. रिपोर्टमध्ये 'काय बदललं' याची लांबलचक यादी असते. मी सिनिअर्सचे बरेच रिपोर्ट चाळले, 'काय बदललं नाही आणि त्यावर आता किती ताण येणार' अशी यादी एकातही दिसली नाही.

दिवाळीत घरी गेले तेव्हा दादा म्हणाला, इंजिन नुसतं पडून आहे, त्यावर कडबाकुट्टी चालवू. पूर्वीची मी असते तर लगेच आरपीएमचं गणित मांडलं असतं. या वेळी वहीचं पान मधोमध दुमडलं. डावीकडे नवं काय येणार, उजवीकडे जुनं काय राहणार. डाव्या बाजूला एकच ओळ झाली. उजव्या बाजूला सात झाल्या, त्यात पहिली चिरलेला पाया आणि दुसरी पट्टा. दादाने यादी वाचली, काही बोलला नाही, वाकडी बोटं जरा चोळली. दुसऱ्या दिवशी गावातून सिमेंटच्या गोण्या आल्या, आणि पट्ट्यावर बसवायची जाळी मी स्वतः माप घेऊन वेल्डरकडून करून आणली.

कडबाकुट्टी अजून आलेली नाही. आधी पाया.